थेंबाचा माग

दुसऱ्या महायुद्धासाठी घडवलेल्या आणि युद्धानंतर नागरी रूपात जगभर पसरलेल्या जीपच्या पोटाखाली तेल, पाणी किंवा इंधन बाहेर पडू शकेल अशा जागा साध्या मोटारीपेक्षा बऱ्याच अधिक असतात आणि याचे मूळ त्या वाहनाच्या कल्पनेतच आहे. त्या काळच्या साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती केवळ मागच्या चाकांकडे जात असे. जीपमध्ये मात्र गिअर बॉक्सच्या पाठीशी ट्रान्स्फर केस, म्हणजे तीच शक्ती पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये वाटून देणारा दातेरी चाकांचा स्वतंत्र डबा बसवलेला असतो आणि त्यातून एक दांडा पुढे, एक मागे निघतो. तेलाने भरलेल्या डब्याच्या भिंतीतून फिरता दांडा जिथे बाहेर पडतो, तिथे दांड्याला मोकळे फिरू द्यायचे आणि तेलाला मात्र अडवायचे, अशा दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वर्तुळाकार फटीवर येऊन पडतात. इंजिनाची दोन टोके, गिअर बॉक्सचे एक, ट्रान्स्फर केसची दोन, दोन्ही ॲक्सलमधील डिफरन्शियलची प्रत्येकी एक, चाकांची चार आणि स्टीअरिंग बॉक्सची एक अशी नुसती मोजदाद केली तरी अशा फटी डझनभर होतात. ब्रेक, रेडिएटर आणि पेट्रोलच्या नळ्या यांची गणती त्यात नाही. जुनी जीप गळते ती वाईट कारागिरीमुळे, असा समज सर्वत्र आढळतो, परंतु तिचा इतिहास पाहिल्यास ही गळती घडणीच्या वेळीच हिशेबात धरलेली होती, आणि गळतीचे मूळ शोधण्याची जी रीत पुढे लष्करी तळांपासून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत रुजली ती या हिशेबातूनच उपजली, असे दिसते.

अमेरिकी सैन्याने जुलै १९४० मध्ये १३५ कारखानदारांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी पाठवली तेव्हा पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करण्याची अट घातली होती. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून अवघ्या काही दिवसांत आराखडे काढून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी बाल्टिमोरजवळील होलाबर्ड येथील लष्करी तळावर नमुना पोचता केला. इतक्या थोड्या अवधीत प्रत्येक भाग नव्याने घडवणे शक्यच नव्हते. त्यामुळे ॲक्सल, गिअर बॉक्स, स्टीअरिंग हे सारे वेगवेगळ्या पुरवठादारांच्या तयार मालातून, थोडाफार बदल करून जुळवले गेले. पुढे मुख्य कंत्राट मिळवणाऱ्या विलिस-ओव्हरलँड कंपनीचे ‘गो-डेव्हिल’ हे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिनही डेल्मर रूस यांनी कंपनीच्या जुन्या मोटारीतील इंजिनावरच संस्कार करून सिद्ध केले होते. जुळवाजुळवीने उभ्या राहिलेल्या यंत्रात सांधे अधिक असतात, आणि जिथे सांधा तिथे पाझर हे यंत्रशाळेतले जुने सत्य आहे. युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बनवल्या.

फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कड्याला आज सरसकट ऑईल सील म्हणतात, पण १९४० च्या आसपास या एका नावाखाली निरनिराळ्या युगांतील वस्तू एकत्र नांदत होत्या. सर्वांत जुना प्रकार दोराचा होता: तेल-ग्रॅफाइट पाजलेला विणीचा दोर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या बेअरिंगभोवती कोरलेल्या खाचेत दाबून बसवायचा आणि तो दांड्याला अलगद घासत राहील इतकाच घट्ट ठेवायचा. गो-डेव्हिल इंजिनाच्या मागच्या टोकाला आरंभी असाच दोर होता. असा दोर तेल पूर्णपणे अडवत नाही, त्याने अडवावे अशी अपेक्षाही नसते. तो स्वतः तेलाने ओला राहिला तरच टिकतो, कोरडा पडला तर जळतो. दुसरा प्रकार नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा. तो धूळ अडवण्यात वाकबगार, पण पातळ तेलापुढे हतबल असे. तिसरा प्रकार चामड्याचा. जर्मनीतील वायनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग हा मूळचा चामडे कमावणारा कारखाना १९३० च्या मागेपुढे चामड्याच्या कड्यांकडे वळला, आणि तेथील वाल्टर झिमर या अभियंत्याने पत्र्याच्या कवचात चामड्याची ओठासारखी कड बसवून, ती स्प्रिंगच्या बारीक कड्याने दांड्यावर सतत दाबून ठेवणारे सील रूढ केले. आजच्या बहुतेक ऑईल सीलच्या आत बोटाला जी नाजूक स्प्रिंग लागते तिची परंपरा त्या कड्यापर्यंत पोचते.

चामड्याच्या जागी रबर येण्याला वेळ लागला, कारण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडून कुजल्यासारखे होते. अमेरिकेत १९३१ च्या सुमारास निओप्रीन आणि जर्मनीत १९३० च्या दशकाच्या मध्यास नायट्राइल ही तेलाला दाद न देणारी कृत्रिम रबरे बाजारात आली, तेव्हा कुठे रबरी ओठाचे सील शक्य झाले. ब्रेकच्या बाबतीत मात्र हीच अडचण उलट दिशेने सोडवली गेली होती: ब्रेकच्या सिलिंडरमधील वाट्या नैसर्गिक रबराच्या असल्याने खनिज तेलाऐवजी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण ब्रेक ऑईल म्हणून वापरले जाई, कारण एरंडेलात रबर फुगत नाही. ज्याला आजही सर्रास ‘ऑईल’ म्हटले जाते ते द्रव पुढे ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे झाले आणि त्यात तेलाचा अंशही उरला नाही. नाव मात्र चिकटून राहिले. या नावाने फसून ब्रेकच्या टाकीत इंजिनाचे तेल ओतणाऱ्या चालकांनी वाट्या फुगवून ब्रेक जाम केल्याच्या घटना जगभरच्या गॅरेजांना ठाऊक आहेत.

अशा अपुऱ्या साधनांवर उभे असलेले वाहन लाखोंच्या संख्येने रणभूमीवर पाठवताना सैन्याने गळती नाहीशी करण्यापेक्षा तिच्यावर नजर ठेवण्याचा मार्ग पत्करला. १९४४ च्या टी-एम ९-८०३ या जीपच्या तांत्रिक पुस्तिकेत चालकाने करावयाची कामे निघण्यापूर्वीची, वाटेतली, थांब्यावरची आणि परतल्यानंतरची अशी वेळेनुसार लावून दिली होती, आणि गाडीखालची जमीन पाहून तेल, पाणी वा इंधन सांडल्याच्या खुणा शोधणे हे त्यांपैकी नित्याचे काम होते. वाचनाचा कंटाळा असणाऱ्या जवानांसाठी होलाबर्ड येथूनच निघणाऱ्या ‘आर्मी मोटर्स’ या नियतकालिकात विल आइस्नर यांच्या व्यंगचित्रांतून हेच धडे गिरवले जात, आणि १९५१ मध्ये त्याचा वारसा ‘पी-एस’ या मासिकाने पुढे चालवला. युद्धोत्तर काळातील अमेरिकी लष्करी पुस्तिकांनी गळतीच्या तीन पायऱ्याही ठरवून दिल्या. ओल दिसते किंवा रंग पालटतो पण थेंब धरत नाही ती पहिली. थेंब धरतो पण तपासणी चालू असताना गळून पडत नाही ती दुसरी. आणि थेंब डोळ्यांदेखत पडतो ती तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवरची गाडी तेलाची पातळी तपासत चालवावी आणि तिसरीची वर्दी द्यावी, असा सामान्य दंडक होता. मराठीला ही वर्गवारी परकी वाटू नये. कौलारू घरांच्या या प्रदेशात ओल, पाझर, थेंब आणि धार हे चार शब्द चार वेगवेगळ्या काळज्यांसाठी पूर्वापार राखून ठेवलेले आहेत.

जीप महाराष्ट्रात आली ती दोन वाटांनी. युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या जुन्या गाड्या ही पहिली वाट. दुसरी वाट १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेल्या आणि भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालेल्या कंपनीची. तिने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांच्या पेट्यांतून आलेल्या विलिस जीपा जोडायला आरंभ केला आणि पुढे त्यांचे उत्पादन इथेच रुजवले. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेले उंच नाकाडाचे सी-जे-थ्री-बी हे रूप तेथे १९६८ मध्ये बंद पडले, पण इथे त्याच घडणीच्या गाड्या नंतरही दशकानुदशके बनत राहिल्या. ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसरची जीप, वनखात्याची जीप, निवडणुकीची जीप आणि शेवटी पश्चिम महाराष्ट्रातील वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची जीप अशा अवस्थांतून एकेका गाडीने जे दीर्घ आयुष्य काढले, त्यामुळे मूळ पुस्तिकेने कधी न कल्पिलेल्या झिजेचे निदान करण्याची पाळी इथल्या मिस्त्रींवर आली.

या मिस्त्रींची भाषा कारखान्याच्या भाषेपासून वेगळी घडली. दोन लोखंडी पृष्ठांमध्ये दाबल्या जाणाऱ्या कागदी, कॉर्कच्या किंवा तांब्याच्या पातळ थराला ते पॅकिंग म्हणतात. इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाला चेंबर म्हणतात. आणि गिअर बॉक्सच्या दाट तेलाला त्याच्या दाटपणाच्या क्रमांकावरून नव्वद नंबर. पॅकिंग तयार मिळत नसे तेव्हा जाड कागद त्या भागावर धरून कडेकडेने गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकत आकार कापून घेतला जाई आणि त्याला शेलॅकचा, म्हणजे झाडावरच्या लाखेपासून केलेल्या चिकट द्रावणाचा, हात दिला जाई. रेडिएटर पाझरू लागल्यास त्यात हळदपूड टाकणे आणि पेट्रोलच्या टाकीच्या चिरेवर साबणाची वडी घासणे हे वाटेवरचे इलाज होते. साबण पेट्रोलात विरघळत नाही, त्यामुळे दुसरा इलाज तात्पुरता का होईना खरा होता. हळदीचा इलाज मात्र पुढच्या निदानाच्या मुळावर येत असे, कारण ती रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवते आणि तिच्या पिवळ्या डागांत मूळ चीर कुठली हे कळेनासे होते.

गळतीच्या निदानात पहिला प्रश्न ‘कुठून’ हा नसून ‘काय’ हा असतो. पेट्रोलचा डाग वासाने कळतो आणि पाहता पाहता उडून जातो. डिझेलचा डाग पसरतो, मेणचटतो आणि त्यावर धूळ बसून ओला थर साचतो. साधे पाणी वाळून मागे गंजाचा किंवा क्षारांचा पांढुरका ओघळ ठेवते. इंजिनाचे तेल जुने झाले की काळे व पातळ असते, तर नव्वद नंबर दाट, तपकिरी आणि दातांवरचा दाब सोसण्यासाठी घातलेल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे उग्र वासाचे असते. ज्याच्या नाकाला तो वास एकदा बसला त्याला इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यात गल्लत होत नाही. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळते, तेल मिसळत नाही, म्हणून वाटीभर पाण्यात संशयित थेंब सोडला की निवाडा होतो. शिवाय ब्रेक ऑईल जिथे सांडते तिथला रंग फुगून सोलवटतो, आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर जुन्या जीपमध्ये चालकाच्या पायाखाली चॅसीला जोडलेला असल्याने हा पुरावा पायाखालीच सापडतो.

त्यानंतर येतो जागेचा प्रश्न, आणि इथे थेंब हा खोटा साक्षीदार ठरतो. चालत्या गाडीखालून वाहणारा वारा तेलाला मागे ढकलतो, चॅसीच्या पट्ट्या त्याला वाट करून देतात, आणि ते सर्वांत खालच्या बोल्टच्या टोकावर येऊन थांबते. म्हणून जिथे थेंब पडतो तिथे नव्हे, तर ओलाव्याची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची हद्द जिथे सापडते तिथे मूळ शोधायचे, हा या विद्येचा कणा आहे. ती हद्द दिसावी यासाठी आधी सारा भाग रॉकेलने धुऊन, पुसून कोरडा करावा लागतो. कोरड्या भागावर खडूची भुकटी उडवून ओल कुठे उमटते ते पाहण्याच्या युक्तीला रेल्वे कारखान्यांचा वारसा आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे आस आणि चाके तेलात बुडवून, पुसून, त्यांवर खडूच्या द्रावाचा पांढरा लेप देत आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेत शिरलेले तेल त्या लेपावर काळी रेघ होऊन उमटे. अमेरिकेत रॉबर्ट स्वित्झर यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी याच कल्पनेत चमकणारे रंगद्रव्य आणि अतिनील दिवा यांची भर घातली, आणि आजच्या गॅरेजात तेलात मिसळला जाणारा हिरवा-पिवळा चमकता रंग त्याच कुळातला आहे.

जीपच्या पोटाखाली तीन जागा विशेष फसव्या मानल्या जातात. पहिली म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधील घंटेच्या आकाराच्या पोकळ कवचाच्या तळाचे छिद्र. तिथून पडणारे तेल क्रँकशाफ्टच्या दोराकडून आलेले असू शकते, गिअर बॉक्सच्या पुढच्या टोकाकडून आलेले असू शकते, किंवा कॅमशाफ्टच्या मागच्या बुचाकडूनही. तिघांचीही वाट एकाच छिद्राला मिळते आणि त्यांच्यात निवड करण्यासाठी वास व दाटपणा यांखेरीज बाहेरून दुसरे साधन नसते. गिअर बॉक्स उतरवण्यापूर्वी हे न ताडणाऱ्याने दोन दिवसांची मेहनत करून चुकीचे सील बदलले, असे घडणे स्वाभाविक होते.

दुसरी जागा ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाची. विलिसच्या रचनेत हँडब्रेक चाकांवर नसून तिथेच, मागे जाणाऱ्या दांड्यावर बसवलेला असे, त्यामुळे तेथील सील झिजले की तेल जमिनीवर दिसण्याआधी ब्रेकच्या अस्तरात मुरे. परिणामी गळतीची पहिली तक्रार गळतीची नसेच. उतारावर हँडब्रेक धरत नाही, अशी ती असे. तिसरी जागा पुढच्या चाकांची. पुढचे चाक वळतेही आणि फिरतेही, म्हणून तिथला सांधा एका पोकळ लोखंडी गोळ्यात बंद केलेला असतो, त्यात ग्रीस भरलेले असते आणि गोळ्याच्या बाहेरून नमद्याची कड फिरते. ॲक्सलच्या आतले सील गेले तर डिफरन्शियलचे तेल गोळ्यात शिरते, ग्रीस पातळ करते आणि ते काळे मिश्रण नमद्यातून टायरच्या आतल्या अंगाला ओघळते. पाहणारा बाहेरचा नमदा बदलतो, आणि आतली वाट तशीच राहिल्याने महिन्याभरात पुन्हा तीच दशा होते. याच जागी ब्रेकचा सिलिंडरही असल्याने टायरवरचा ओघळ पाण्यात घालून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

सील निर्दोष असूनही गळती होते, ही बाब मात्र फार उशिरा आणि अनेक सील वाया गेल्यावर ध्यानात येते. ॲक्सल, गिअर बॉक्स आणि इंजिन या प्रत्येक डब्याला ब्रीदर, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर जाण्याची छोटी वाट असते. ती चिखलाने बुजली की प्रसरण पावलेली हवा सर्वांत दुबळ्या सीलमधून तेलासकट वाट काढते. इंजिनात जळालेल्या वायूंचा जो अंश पिस्टनच्या कड्यांपासून निसटतो तो ओढून घेणारी झडप अडकली तरीही हेच होते, आणि तेव्हा मागचा दोर बदलणे म्हणजे औषध एका रोगाला आणि रोग दुसराच, असा प्रकार होतो. या दाबाला उलट बाजूही आहे. तापलेले ॲक्सल पावसाळ्यातल्या ओढ्यात एकदम बुडाले की आतली हवा आकसते आणि जी फट तेल बाहेर सोडते तीच पाणी आत ओढते. सह्याद्रीच्या घाटांत चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमधून पावसाळ्यानंतर तेलाऐवजी दुधाळ चहाच्या रंगाचे मिश्रण निघते ते यामुळे. झिजेचाही असाच डाव असतो: वर्षानुवर्षे एकाच जागी घासणाऱ्या ओठाने पोलादी दांड्यावर नखाला लागेल अशी खाच पाडलेली असते, आणि त्या खाचेवर बसवलेले कोरे सील पहिल्या दिवसापासून पाझरते. अशा वेळी दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवणे किंवा सील थोडे आत वा बाहेर सरकवून अखंड पृष्ठावर बसवणे एवढेच दोन उपाय उरतात, आणि दुसरा उपाय फुकटचा असल्याने गॅरेजात तोच लोकप्रिय ठरला.

एक गळती अशीही आहे जी जमिनीवर कधी दिसतच नाही. डिझेल गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे तिथल्या सैल सांध्यातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडी चढावर दम टाकते, बंद पडते, आणि मिस्त्री ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणून हातपंपाने ती काढून देतो. सांधा तसाच राहतो. त्याचप्रमाणे गिअर बॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधील बेअरिंग झिजले की एका डब्याचे तेल दुसऱ्यात जाते, एक रिकामा होतो आणि दुसरा तुडुंब होऊन वाहू लागतो. बाहेर वाहणारा डबा दोषी धरला जातो आणि आत कोरडा पडलेला डबा मात्र आवाज करू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते, आणि मग तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढते. म्हणून जाणकार मिस्त्री प्रत्येक डब्याचे बूच उघडून बोट घालून पाहत, आणि किती भरले याची खूण भिंतीवर खडूने करून ठेवत. ब्रिटनमध्ये १९४८ साली जीपच्याच धर्तीवर निघालेल्या लँड रोव्हरच्या मालकांत, गळायची थांबली तर तेल संपले असे समजावे, अशी थट्टा रूढ आहे. वरच्या हिशेबाने ती थट्टा निम्मी शास्त्रीय आहे.

पुढच्या काळात यांतील अनेक फटी कारखान्यानेच बंद केल्या. क्रँकशाफ्टच्या दोराची जागा दोन अर्धुकांच्या रबरी सीलने घेतली, आणि अमेरिकी जीपांत १९७० च्या दशकात पुढच्या चाकांचे बंद गोळे जाऊन उघडे सांधे आले, त्यामुळे गोळ्यात तेल शिरण्याचा तो जुना गुंता तिथून नाहीसा झाला. जुन्या घडणीची जीप मूळ रूपात जपणाऱ्यांना आज रबरी सील सहज मिळते, परंतु दोराचे सील बसवायचे झाल्यास दोर आधी तेलात भिजत ठेवणे, गोल गुळगुळीत दांड्याने तो खाचेत लाटून बसवणे आणि टोके बेअरिंगच्या कडेला किंचित वर राखून धारदार पात्याने कापणे ही क्रमवार कृती करावी लागते. टोके फार आखूड कापली तर सांध्यातून तेल वाहते, फार लांब राहिली तर बेअरिंगचे टोपण नीट बसत नाही. किंचित म्हणजे नेमके किती, हे ज्या हातांना ठाऊक होते ते हात आता गॅरेजात क्वचितच भेटतात.